पाण्याची वही आणि हवेचा खांब

एप्रिल महिन्यात गोंदिया जिल्ह्यात कोणी हौसेने जात नाही. मी गेले, कारण मला एका बाईला खोटं ठरवायचं होतं. असं सरळ लिहिलं की वाईट दिसतं, पण पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत जे पत्र होतं त्याचा अर्थ तोच होता. आता परत येऊन आठवडा झाला आहे, पंख्याखाली बसून लिहिते आहे, आणि त्या पत्राचं काय झालं हे आठवलं की अजून हसू येतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला या वयात नीट कळलं.

आधी माझ्या धंद्याबद्दल. मी हवा मोजते. घरचे याला 'हवा खायची नोकरी' म्हणतात. धानाच्या शेतात पाणी साचून राहिलं की चिखलात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून मिथेन नावाचा वायू निघतो, आणि पृथ्वी तापवण्यात त्याचा हात मोठा आहे. मधूनमधून शेत चार दिवस सुकू दिलं तर तो पुष्कळ कमी होतो आणि पीकही बुडत नाही. आमच्या योजनेतल्या गावांत शेतकऱ्यांचे गट असं करतात आणि कुठलं शेत कधी ओलं, कधी सुकं ते वहीत लिहून कळवतात. त्या वहीवरून वायूचा हिशेब निघतो. पण वही माणसाने लिहिलेली असते, म्हणून गावात एक खांबही उभा असतो. त्याच्या टोकाला नळी, खाली पेटीत यंत्र. ते हवेत प्रत्यक्ष किती वायू आहे ते सांगतं. वही आणि हवा जुळली की मी खूश.

या एका गावी जुळत नव्हतं. उन्हाळी धानाच्या हंगामात वही सांगत होती, शेतं वेळच्या वेळी सुकवली. हवा सांगत होती, छे, काही सुकवलेलं नाही. पत्रात लिहिलं होतं की या गटाच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, सबब गाव योजनेतून वगळावं. सोमवारी ते रवाना व्हायचं होतं. त्याआधी एकदा जाऊन या, असं आमचे प्रमुख म्हणाले, ते केवळ न्यायाची रीत म्हणून. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सौंदड आणि प्रतापगड यांच्या मध्ये कुठेतरी आहे एवढं पुरे.

बुधवार, गोंदिया ते सौंदड

गोंदिया स्टेशनच्या बाहेर पोह्यांच्या गाडीवर उभी राहिले. "दीदी, ऊपर से चना डालूँ?" मी मराठीत म्हणाले, "थोडासाच घाला." त्याने हिंदीत "बिलकुल" म्हणून वाटीभर तिखट रस्सा पोह्यांवर ओतला. पुण्यात पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर यापलीकडे काही टाकलं की आमच्याकडे भुवया वर जातात. इथे पोहे पोहत होते. नाकाडोळ्यांतून पाणी काढत मी ते संपवले आणि आणखी एक प्लेट मागितली.

तिथून छोट्या गाडीने सौंदड. खिडकीतून आधी पानगळ झालेलं, तपकिरी जंगल दिसत राहिलं आणि मग एकदम हिरवंगार धान. मला वाटलं डोळे फसले. बाहेर लोखंड तापेल असं ऊन आणि मधोमध हा श्रावण. तलावांची आणि कालव्यांची कृपा. आम्ही ज्याला भाताचं खाचर म्हणतो त्याला इथे 'बांधी' म्हणतात, आणि उभं पीक म्हणजे धान. ताटात पडल्यावरच त्याचा भात होतो.

स्टेशनवर दीपक नावाचा ड्रायव्हर भाड्याची जीप घेऊन आला होता. हा चोरखमाऱ्याचा. त्याच्या गावच्या तलावासमोर बाकीचे तलाव म्हणजे डबकी, असं त्याचं ठाम मत होतं. "मॅडम, हमारा तलाव देखोगे ना, तो ये सब भूल जाओगे." गावात पोहोचेपर्यंत त्याने हे तीनदा सांगितलं.

अकरा वाजता मी थेट खांबापाशी गेले. ही जागा मीच निवडली होती, दिवाळीनंतर एका दुपारी, आणि त्या निवडीचा मला अभिमान होता. गावाच्या कडेला उंचवट्यावर मोकळं मैदान, झाड नाही, झुडूप नाही, जमीन टणक आणि झाडून ठेवल्यासारखी स्वच्छ. समोर धानाच्या बांध्या, बाजूला तलावाची पाळ. अशी जागा शोधून सापडत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं. ग्रामपंचायतीनेही हरकत न घेता परवानगी दिली होती.

खांब ठीक होता. फक्त एका बाजूचा रंग कमरेच्या उंचीवर पार घासून गेला होता आणि लोखंड चकाकत होतं. पोरं लोंबकळत असतील, असं म्हणून मी मनात गावावर आणखी एक फुली मारली. पेटी मात्र हात लावू देत नव्हती इतकी तापली होती. उन्हाळ्यातली खरी अडचण हीच होती. दुपारी यंत्र तापून आपोआप बंद पडायचं, त्यामुळे आमच्याकडे आकडे होते ते सगळे सकाळचे. सकाळची हवा थंड असते, जमिनीला धरून बसते, तिच्यावर फार विसंबू नये, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. स्वतः मात्र विसंबले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

वही लिहिणाऱ्या देवकाबाई लंजे घरी वाटच पाहत होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, उंच, काटक. कोहळी घराणं, म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांनी या भागात गावोगावी तलाव बांधले त्यांच्यातल्या. त्यांचे सासरे आयुष्यभर गावच्या तलावाचं पाणी वाटायचं काम करत. नवरा शालिकराम मोजकं बोलणारा, बहुधा बोलायचं सगळं काम बायकोने घेतल्यामुळे.

"या जी म्याडम. पानी घ्या, मंग वही पाहा," त्या म्हणाल्या. "मी रोज लिवतो. एक दिवस नाई सोडला."

इथल्या बायका 'मी लिहितो, मी जातो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी ऐकताना अडखळायला होतं, दुसऱ्या दिवशी तेच बरोबर वाटायला लागतं.

वही उघडली आणि माझा संशय तांदूळ शिजावा तसा फुगला. प्रत्येक बांधीत भोकं पाडलेली एक नळी चिखलात रोवलेली असते. तिच्यात डोकावून पाणी कुठवर आहे ते रोज सकाळी पाहायचं आणि लिहायचं, असं काम. देवकाबाईंचं अक्षर टपोरं, रकाने सरळ. पण दर दोन पानांआड समासात काहीतरी खरडलेलं. 'ताप होता. पानी पाह्यलं नाई. चूक माझी. देवका.' 'लग्नाले गेलो. शालिकने पाह्यलं, एक बांधी राह्यली. चूक त्याची.' 'फागू नाई, ढोरं घरीच, त्याईले चारा-पानी करता उशीर. दुपारी पाह्यलं. चूक माझी.' फागू नाही, फागू नाही, असं तर पाच-सहा वेळा.

"हे एवढं कशाला लिहिलंय?" मी विचारलं.

"आमच्या मामंजीची रीत," त्या म्हणाल्या. मामंजी म्हणजे सासरे. "खोडाचं नाई. चूक झाली तं बाजूले लिवाचं, कोनाची ते. पान्याच्या कामात चूक लपवली का गावात काठ्या निंघतात."

माझ्या अनुभवात ज्याच्याकडे सबबी जास्त, त्याच्या नोंदी कच्च्या. मी मान डोलावली आणि टिपणवहीत लिहिलं, 'अनेक दिवस वेळेवर पाहणी नाही.'

गुरुवार, बांध्यांमधून

दुसऱ्या दिवशी मी हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन बांध्यांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे आमच्याकडच्या बांधांवरून, फिरले. पुढे देवकाबाई, मागे मी, आणि माझ्या मागे माझी इभ्रत, कारण दुसऱ्याच वळणावर पाय घसरून मी गुडघाभर चिखलात उभी होते. चप्पल चिखलाने ठेवून घेतली. देवकाबाईंनी कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढली आणि पाटात धुऊन हातात दिली.

वहीत ज्या बांध्या 'सुकी' लिहिल्या होत्या त्या खरोखर सुक्या होत्या. करंगळी जाईल एवढ्या भेगा. यंत्राचा आकडा तिथे हलायला तयार नव्हता. 'ओली' लिहिलेल्या बांधीपाशी गेलं की लगेच वर. मी एकामागून एक सगळ्या तपासल्या. एकही चुकली नाही. याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. कारण मग खांब का असं सांगतो?

"मी येणार म्हणून सुकवल्या असतील," माझ्या तोंडून निघून गेलं. चिखलातून नुकती बाहेर आलेली बाई फार सभ्य नसते.

देवकाबाई थांबल्या. "आन् ह्या भेगा? तुमी येनार म्हनून दोन दिवसात भेगा पडल्या का?" त्या रागावल्या नव्हत्या. चुकलेलं गणित पाहावं तसं माझ्याकडे पाहत होत्या. "तुमच्या तिकडे जमीन इतकी आयकते का बाईमानसाचं?"

दुपारी जेवायला त्यांच्याकडेच. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांगी घालून झिंगे. मी सवयीने पोळी आहे का विचारलं आणि घरात कोणी आजारी पडल्यासारखी धावपळ सुरू झाली. शेजारून कणीक आणायला शालिकराम निघालेच होते, त्यांना मी दारात अडवलं. इथे भात हेच जेवण, पोळी म्हणजे पाहुणचार किंवा पथ्य. त्या झिंग्यांच्या रश्श्यात भात कालवल्यावर पोळीची आठवण मला परत नागपूर येईपर्यंत झाली नाही.

हात धुताना देवकाबाईंनी सरळ विचारलं. इकडची माणसं आडून विचारत नाहीत. "म्याडम, आमी खोटं लिवतो असं वाटते का तुमाले?"

मी म्हणाले, "मला वाटत नाही. पण हवा तसं सांगते."

"हवा काऊन खोटं बोलंन? हवा खोटं नाई बोलत. आन् मीबी नाई बोलत." त्यांनी पदराला हात पुसले. "मंग हे तिसरं कोन बोलून राह्यलं, ते पाहा ना जी."

मग म्हणाल्या, "गाव योजनेतून गेलं तं जाऊ द्या. पन कागदावर 'देवका लंजे खोटी' असं नोको. मामंजी पानी वाटत, तं आपल्या बांधीले सगळ्याईच्या शेवटी पानी घेत. एका साली पान्याबिना आमचंच धान वारलं. गावानं पाह्यलं ते. म्हनून ही वही गावानं माझ्या हाती देल्ली."

पत्र माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. मला ती एकदम जड वाटायला लागली.

शुक्रवार, प्रतापगड

तिसरं कोण बोलतंय हे शोधायचं तर आधी आजूबाजूची निखळ हवा मोजायला हवी, शेतांपासून दूर आणि उंचावर. म्हणून प्रतापगडाचा डोंगर. शिवरायांच्या प्रतापगडाशी याचा संबंध नाही, हा इथला, जंगलातला, वर पडका किल्ला आणि दर्गा. पायऱ्या चढताना माझ्या गुडघ्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर दर्ग्यापाशी सावलीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी यंत्र बाहेर काढलं तसे जवळ सरकले. "क्या नाप रहे हो, बाई?"

"हवा."

"हवा तो मुफ़्त की है. नापते काऊन?" हिंदी आणि झाडीबोली यांची अशी खिचडी इथे सर्रास ऐकू येते आणि चवीला बरी लागते. मी त्यांना सगळं सांगितलं, वही, खांब, न जुळणारा हिशेब. त्यांनी प्रसादाचे चिरंजी दाणे, म्हणजे साखरेचे गोड दाणे, माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "हम यहाँ ऊपर से सब देखते हैं. पर गाँव में क्या चल रहा है, ये नीचे जाके ही मालूम पड़ता है."

वरची हवा स्वच्छ निघाली. म्हणजे जास्तीचा वायू दुरून येत नव्हता, गावातलाच होता. म्हणजे फास पुन्हा देवकाबाईंच्याच गळ्याभोवती आवळत होता. पायथ्याशी आल्यावर प्रमुखांचा फोन आला. "सोमवारी पत्र पाठवू ना?" मी म्हणाले, "रविवारपर्यंत थांबा." आवाजात जोर आणला, पण हातात काही नव्हतं.

परतताना गावाच्या अलीकडे जीपचा क्लच गेला. दीपकने खाली वाकून पाहिलं, उठून कपडे झटकले आणि जाहीर केलं, "मॅडम, ये तो कल दोपहर तक गया." एरवी मी मुक्कामाला रोज सौंदडला जायची आणि अकराच्या सुमारास गावात यायची. त्या दिवशी देवकाबाईंच्या अंगणात खाट मिळाली. संध्याकाळी त्यांनी वाफवलेली मोहफुलं वाटीत दिली. मनुकेसारखी गोड, आणि मागून एक रानटी वास. मी दोन वाट्या खाल्ल्या. उद्या परवा या बाईचं नाव मी कागदावर काळं करणार आहे, हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती तिसरी वाटी पुढे करत होती. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

शनिवार, सकाळ

घंटांच्या आवाजाने जाग आली. आधी वाटलं देऊळ. पण या घंटा चालत होत्या. अंगणासमोरून एक गाय गेली, मग दोन म्हशी, मग गोठ्यातून सुटलेली कालवड उड्या मारत. घराघरातून ढोरं निघत होती आणि सगळी एकाच दिशेने. शालिकरामही आपल्या दोन गाई हाकत निघाले होते.

"कुठे चाललात?" मी विचारलं.

"आखरावर." तीन दिवसांत माझ्याशी ते बोललेला हा पहिला शब्द.

मी अनवाणीच त्यांच्या मागे गेले. आणि माझ्या त्या सुंदर, मोकळ्या, झाडून ठेवल्यासारख्या मैदानावर गावातलं एकूण एक जनावर उभं होतं. मधोमध माझा खांब. एक पांढरी गाय डोळे मिटून त्याला पाठ घासत होती. कमरेच्या उंचीवर, जिथला रंग गेला होता बरोबर तिथे. बाकीची निवांत रवंथ करत, ढेकर देत उभी. वारा नावालाही नव्हता. गाईगुरांच्या ढेकरातून काय बाहेर पडतं हे सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. ते मीच शिकवते. मिथेन.

काठीला टेकून एक म्हातारा तंबाखू मळत उभा होता. गावचा गुराखी, इथल्या भाषेत गायकी. वहीतला फागू तो हाच.

"रोज इथेच जमतात?" मी विचारलं.

"मंग कुठी जमतीन?" तो म्हणाला. "आखर हाय ना हा. गावभरची ढोरं इथी येतात, सारी आली का मी जंगलात नेतो. उन्हाळ्यात सूर्व्या निंघाच्या आंधीपासून."

"पण मी दुपारी आले होते तेव्हा इथे शेणाचा पोसुद्धा नव्हता!"

फागूने शेजारी बोट दाखवलं. टोपल्या घेऊन बायका उभ्या होत्या, शेण पडायचा अवकाश की उचललं. ऊन चढायच्या आत आखर आरशासारखा होत असणार. म्हणून तो स्वच्छ. म्हणून तिथे झाड नाही, झुडूप नाही. कुठलंही गाव आपली एवढी सपाट जमीन उगाच रिकामी सोडत नाही, आणि हा प्रश्न मला दिवाळीनंतर जागा निवडताना पडला नव्हता.

"मला कोणी सांगितलं कसं नाही?" मी जवळजवळ ओरडले.

"तुमी इचारलं कवा?" फागू शांतपणे म्हणाला. "सारं गाव सोडून तुमी आखरावर पाईप गाडला. आमाले वाटलं, तुमाले ढोराईचीच हवा पायजे."

तंबाखू तोंडात टाकून त्याने आणखी एक भर घातली. "पन बेस झालं. ढोराईले पाठ घासाले झालं."

मी धावत घरी गेले, छोटं यंत्र घेऊन धावत परत आले. वाटेत पायात काटा रुतला तो नंतर देवकाबाईंनी सुईने काढला. कळपाच्या मध्ये उभी राहून यंत्र सुरू केलं तर आकडा असा चढला की पाहत राहिले. थोड्या वेळाने फागूने आरोळी दिली, ढोरं जंगलाकडे निघाली, धूळ बसली आणि आकडा पायरी-पायरीने उतरला. मी एकटी मैदानात उभी राहून मोठमोठ्याने हसत होते. शेणाच्या टोपल्या घेतलेल्या बायका माझ्याकडे काळजीने पाहत होत्या.

पण एका सकाळने काही सिद्ध होत नाही. एका हंगामाचा प्रश्न होता. मी देवकाबाईंच्या ओसरीवर संगणक उघडून बसले आणि डोकं धरलं. ढोरं नसलेली सकाळ कुठून आणायची? सण असो, पाऊस असो, ढोरं रोज येणार.

"फागू नसला तं नाई येत," देवकाबाई म्हणाल्या. "त्याच्या पोरीचं लगन होतं, तवा गेल्ता. मंग पाय मुरगळला तवा. सारी ढोरं घरोघरी बांधून. लिवलं हाय ना मी."

समास. त्या सबबी. 'फागू नाई, ढोरं घरीच. चूक माझी.'

देवकाबाई तारखा वाचत गेल्या, मी संगणकावर खांबाच्या आकड्यांची रेघ पाहत गेले. पहिल्या तारखेला सकाळी रेघ खाली. दुसऱ्या तारखेला खाली. तिसऱ्या, चौथ्या. त्या सकाळी हवेत नेमका तेवढाच वायू होता जेवढा वही सांगत होती. आणि हे दिवस माझ्याकडे आधीपासून होते. एवढे कमी आकडे कसे येतील, यंत्राचा दोष असेल, असं ठरवून मी ते गाळून टाकले होते. ज्या ओळींवरून मी देवकाबाईंवर संशय घेतला त्याच ओळींनी त्यांना सोडवलं, आणि मलाही.

मी शेवटची तारीख तपासली, संगणक मिटला आणि सांगितलं, "तुमची वही खरी आहे. पहिल्या पानापासून."

देवकाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या. मग पदर डोळ्यांना लावला, लगेच काढला, आणि आत ओरडल्या, "चाय ठेवा जी!" शालिकराम उठले. चहा त्यांनी केला, आणि पुण्यातल्या चार कपांएवढा एकेकाला दिला.

प्रमुखांना फोन केला. "गाई?" ते म्हणाले. "गाई आणि म्हशी," मी म्हणाले. "म्हणजे खांब बरोबर सांगत होता, आपण प्रश्न चुकीचा विचारला होता," ते म्हणाले. मी म्हणाले, "आपण नाही. मी."

दुपारी गटाची माणसं, फागूसकट, मोहाच्या सावलीत जमली. मी झाला प्रकार उभ्याने सांगितला. मला वाटलं होतं लोक चिडतील. ते इतके हसले की एकाला ठसका लागला. मग लगेच कामाला लागले. संध्याकाळच्या आत खांब तलावाच्या पाळीच्या टोकाला गेला, जिथे ढोरं जात नाहीत. हे मी या वेळी तिघांना विचारून घेतलं. यंत्राची पेटी दुपारी तापते म्हटल्यावर शालिकरामांनी तिच्यावर पळसाच्या फांद्यांचा मांडव घातला. आमच्या कार्यालयात याच तक्रारीवर तीन बैठका झाल्या होत्या. फागूला तेवढं वाईट वाटलं. "ढोरं आता पाठ कायले घासतीन?" म्हणत तो रिकाम्या खड्ड्याकडे पाहत होता. त्यात त्याच्यासाठी एक लाकडी खुंट रोवून दिला.

रविवार, निघताना

दीपकची जीप सुरू झाली होती. देवकाबाईंनी वाटेत खायला लाखोळीचे वडे केले होते आणि बांधायला कागद शोधत होत्या. मी पिशवीतून ते पत्र काढून दिलं. कोऱ्या बाजूवर वडे ठेवून त्यांनी घट्ट पुडी बांधली. त्यावर काय छापलं आहे हे त्यांनी वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. त्या वाचतात, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

मी पाया पडायला वाकले, कारण माझ्यापेक्षा त्या दोन वर्षांनी लहान असल्या तरी मला ते करावंसं वाटलं. त्यांनी मधेच खांद्याला धरून उभं केलं.

"ते राहू द्या. एक काम राह्यलं."

त्यांनी वही आणली. दिवाळीनंतरचं पान काढलं, खांब उभा केला त्या दिवसाचं. त्यांनी तेव्हा लिहिलं होतं, 'म्याडमनं पाईप गाडला.' समास कोरा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं, 'खांब आखरावर उभा केला. कोणाला विचारलं नाही. चूक माझी.' आणि खाली सही केली.

देवकाबाईंनी वही हातात घेऊन दोनदा वाचली. मग परत माझ्यापुढे धरली.

"आजची तारीख राह्यली," त्या म्हणाल्या.

मी तारीख घातली.